पणजीचं माहेर

"पेन आत न्यायचं नाही," रेकॉर्डकीपर म्हणाला.

"माहीत आहे. अकरा शनिवार हेच ऐकतेय." तिने पर्स उघडून पेन्सिल दाखवली.

"आणि टोक काढायला बाहेर जायचं. कचरा होतो."

त्याने अधिकारपत्र पुन्हा एकदा उजेडाकडे धरलं. वडिलांच्या वतीने ती जुन्या नोंदी पाहणार होती, म्हणून दर वेळी ते दाखवावं लागायचं. वडील निवृत्त ड्राफ्ट्समन; सहीखालीसुद्धा पट्टी लावून दोन समांतर रेषा ओढायचे.

"सही आहे की रेल्वेचे रूळ?" रेकॉर्डकीपर म्हणाला. हाही विनोद अकराव्यांदा झाला होता. तो इथे बदलून आल्याला वर्षही झालं नव्हतं, पण नियम मात्र जन्मापासून पाठ असावेत.

शोध पणजीच्या माहेरचा होता. बाबांनी मोठ्या कागदावर वंशवृक्ष आखला होता. प्रत्येक माणसाला एक चौकट. त्यात एकच रिकामी: पणजीचे वडील. त्यांचं नाव पणजीच्या विवाहनोंदीत असणार होतं, पण लग्नाचं साल कुणाला ठाऊक नव्हतं आणि सूची वाळवीने खाल्ली होती. त्यामुळे पानन् पान वाचायचं. दिवसाला तीनच वह्या मिळायच्या.

"हे मी जायच्या आत भरलं गेलं पाहिजे," बाबा म्हणाले होते. त्यावर नाही कसं म्हणणार? एरवी ती बाबांकडे वर्षातून दोनदा यायची, तीही घड्याळ बघत. आता दर शुक्रवारी संध्याकाळी दोन तास बस, शनिवारी धूळ, आणि रात्री परत.

आज सकाळी तिने सांगून टाकलं होतं. "बाबा, हा शेवटचा शनिवार. मला आता जमत नाही."

ते डब्याचं झाकण लावत होते. ते नीट बसेना. "पणजी इतकी वर्षं थांबली. तुलाच घाई."

"पणजी नाही हो थांबलेली. मी लटकलेय."

"बरं," ते म्हणाले. "डबा विसरू नकोस."

पहिल्या दोन वह्यांत काही नव्हतं. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेल्या कागदावर तिने तारीख घालून सही केली. वही पाहणाऱ्याने तिथे सही करायची, असा नियम होता. आजवरचे सगळे कागद तिला कोरेच मिळाले होते.

"तुमच्या घराण्याला तुम्ही एकट्याच वाली दिसताय," रेकॉर्डकीपर म्हणाला. "तिसरी कुठली देऊ?"

बाबांनी वर्षांची यादी करून दिली होती. त्यातल्या एका वर्षावर काट होती. त्या वर्षी साथ होती, नोंदी झाल्याच नाहीत, तिथे वेळ घालवू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं. पण ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. एखादा नमुना न तपासताच बाद करणं तिच्या हाताला माहीत नव्हतं. तिने तेच वर्ष सांगितलं.

तो वही छातीशी धरून आला. "या कपाटातली सगळ्यात जाड हीच."

"त्या वर्षी साथ होती म्हणे."

"कसली साथ? लग्नांची असेल."

ती वाचू लागली. बाबांना हे वर्ष का नको होतं? घराण्यात लपवण्यासारखं काय होतं?

चौऱ्याऐंशीव्या पानावर पणजोबांचं नाव सापडलं. शेजारी पणजी, वय सोळा. तिच्या वडिलांचं नाव स्वच्छ अक्षरात होतं. व्यवसाय, घड्याळ दुरुस्ती. बाकी काहीच नाही. लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

"वेळ झाली," रेकॉर्डकीपरने किल्ल्या वाजवल्या. "सही करा."

तिने मागचा पुठ्ठा उघडला आणि पेन्सिल हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं? आज पहिल्यांदाच सही करताय का?"

"नाही," ती म्हणाली, आणि सही केली.

घरी टेबलावर वंशवृक्ष पसरलेला होता. शेजारी टोक काढलेली पेन्सिल आणि दोन कप, बशीने झाकलेले. बाबांनी मान वर केली नाही.

"सापडलं?"

तिने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"नाही."

"अरेरे." त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "म्हणजे आता संपलंच म्हणायचं."

"संपतंय कुठलं? अजून किती वर्षं राहिलीत. पुढच्या शनिवारी दोन डबे भरा, तुम्हीही चला माझ्याबरोबर."

"मी? मला तिथलं काय कळणार?" बाबा म्हणाले. "मी तर त्या ऑफिसची पायरीसुद्धा चढलेलो नाही."

तिने कप उचलून त्यांच्या हातात दिला. त्या वहीच्या मागच्या कागदावर, तिच्या सहीच्या बरोबर वर, तीन वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि एका सहीखाली रेल्वेचे रूळ.