सात, अकरा, तेरा

अपूर्वाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुमचं लाइटचं बिल भरून राहिली. मोबाइलवर ओटीपी येईन, सांगा बरं."

रुआबांध्याला एकटेच राहणारे विद्याधरराव या ओटीपीची वाटच पाहत असत. त्यांनी आकडा सांगायचा, त्याला कशाकशाने भाग जातो ते अपूर्वाने सांगायचं, आणि मगच तो टाकायचा. ती शाळेत होती तेव्हा सुपेल्याच्या रेल्वे फाटकावर सायकल थांबली की मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे वाचून बापलेक हेच खेळत.

आज मेसेज काही येईना.

"आला का, बाबा?"

त्यांना नाही म्हणवेना. तोंडाला आला तो आकडा त्यांनी ठोकून दिला. "चार दोन पाच, चार दोन पाच."

कोणतेही तीन आकडे घ्यायचे आणि तेच पुन्हा त्यांच्यापुढे जोडायचे, की त्या संख्येला ठरावीक तिघांनी भाग जाणारच, हे त्यांनीच तिला फाटकावर शिकवलं होतं.

"सातनं जाते, अकरानं जाते, तेरानं बी जाते," अपूर्वा हसत म्हणाली. "घ्या, भरलं बिल!"

विद्याधरराव मोबाइलकडे पाहतच राहिले. मेसेज अजूनही आला नव्हता.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता उद्या गॅस बुक करजो. सिलेंडर कालच आलं, तरी करजो."