नाशवंत माल

घाटाच्या पायथ्याशी सुदाम कोळेकरचा रिकामा टेंपो फाटकापाशी अडकला होता. शेजारी त्याचे वडील, अण्णा, छाती धरून बसले होते. इस्पितळ घाटावर होतं. पण ज्याचा वेळ मोलाचा त्याला रस्ता आधी, असा आता नियम होता, आणि मोल फाटकातलं यंत्र ठरवत होतं.

"प्रवासी वृद्ध, कमाई नाही. वेळेचं मोल नगण्य. कृपया थांबा," गोड आवाज म्हणाला.

"अहो, त्यांना श्वास घेववत नाही!" सुदाम ओरडला.

"कृपया थांबा."

शेजारून आंब्यांचे ट्रक एकामागून एक सुटत होते. मागे चिऱ्यांचा ट्रक घेऊन उभा असलेला फय्याज हसत ओरडला, "सुदामभाऊ, दोन पेट्या आंबे तरी टाकायचे मागं! रिकाम्या गाडीला कोण विचारतंय?"

अण्णांनाही हसू आलं. "जन्मभर ह्याच घाटातनं मासळी नेली रे मी," ते अडखळत म्हणाले. "एक टोपली कधी नासू दिली नाही."

त्यांनी सुदामच्या खांद्यावर मान टेकली. जरा डोळा लागला, बरं झालं, असं सुदामला वाटलं. तो हलला नाही.

इतक्यात फाटक उघडलं.

"नोंदीत बदल," तोच गोड आवाज म्हणाला. "प्रवासी नाही. माल एक, नाशवंत. कृपया त्वरित पुढे जा."

सुदामने स्टीअरिंग सोडून अण्णांच्या छातीवर हात ठेवला.

मागून फय्याजने आनंदाने हॉर्न वाजवला. "मिळाली की वाट! काढ गाडी, भाऊ, काढ!"