पंचांची फारकत

"कायद्यानं तुमची मुलगी अजून त्याचीच बायको आहे," मठपती वकील म्हणाले.

ग्यानोबा हसले. वकील चेष्टा करताहेत असं त्यांना वाटलं.

"न्हाई वो साहेब. फारकत होऊन तीन वरसं झाले. पंच व्हते, सरपंच व्हता. सगळ्यांनी सह्या केल्यात. आमाला निस्ता कोर्टाचा शिक्का पायजे. पोरीला किनवटचं स्थळ आलंय. ते म्हनतेत, कोर्टाचं दावा, लगेच लगीन लावू."

"मामा, पंचांनी लिहून दिलं म्हणून लग्न मोडत नाही. ते कोर्टानंच मोडावं लागतं. त्या सह्यांना इथं काही किंमत नाही."

ग्यानोबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

पुनम त्यांच्या शेजारी बसली होती. हिमायतनगरहून सकाळच्या एसटीनं बापलेक नांदेडला आले होते, कोर्टासमोरच्या या ऑफिसात. आल्यापासून वकील जे विचारायचं ते ग्यानोबांना विचारत होते. लग्न कधी झालं, मूलबाळ आहे का, दागिने कुणाकडं राहिले. पुनमचं वय विचारलं तेसुद्धा त्यांनाच, आणि ग्यानोबांनी ते चुकीचं सांगितलं.

"मंग सत्यमनं दुसरं लगीन केलं, ते?" ती एकदम म्हणाली.

वकिलांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. "पहिलं मोडल्याशिवाय दुसरं लागत नाही, ताई. कायद्याच्या दृष्टीनं ते लग्नच नाही. उलट गुन्हा आहे."

"लेकरू झालंय तिला."

"लेकराला काही होत नाही. बापाच्या मालमत्तेत त्याचा हक्क राहतो."

"आन् तिचं काय? तिला कुनी सांगितलं का हे?"



तीन वर्षं गाव पुनमला सोडलेली म्हणत होतं. चुलत बहिणीच्या हळदीला ती वाटी घेऊन पुढं झाली, तेव्हा तिला मागं सरायला सांगितलं होतं. सांगणारी तिची सख्खी आई होती.

"घाबरू नका," वकील पुन्हा ग्यानोबांकडं वळले. "सोपा रस्ता आहे. दोघांच्या संमतीनं अर्ज करायचा. दुसऱ्या लग्नाची केस होईल या भीतीनं तो पळत येऊन सही करेल. सहा-आठ महिन्यांत मुलगी मोकळी."

"तेच करा साहेब. किनवटच्याला मी थांबवतो."

"त्यात कारन काय लिव्हतेत?" पुनमनं विचारलं.

"एकमेकांशी पटत नाही, म्हणून दोघं राजीखुशीनं वेगळे होतोय. एवढंच."

"राजीखुशीनं." ती बापाकडं वळली. "आबा, पंच बसले तवा मी कुठं व्हते?"

ग्यानोबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सांगा की साहेबाला. चुलीम्होरं व्हते मी. तुमी म्हनले, पाव्हने आलेत, भाकरी टाक. मला वाटलं, त्याची समजूत घालाय आलेत. बसून भाकरी करून राहिले. त्यांनी भाईर माझी फारकत केली, आन् माझ्याच हातचं जेवून गेले. एकानं तर ठेचा मागून घेतला."

"पोरी, त्यो नांदवत नव्हता." ग्यानोबांचा आवाज बारीक झाला. "त्यात तुला काय इचारायचं व्हतं?"

"काय बी इचारायचं व्हतं. मला इचारायचं व्हतं!"

दारातला कारकून टायपिंग थांबवून बघू लागला. पुनमनं आवाज कमी केला नाही.

"राजीखुशीनं लिव्हू नका साहेब. त्यानं मला घरातून काढलं, ते लिव्हा. दुसरी आनली, ते लिव्हा. मीच त्याला सोडते, असं लिव्हा. तसा अर्ज करता येतो का न्हाई?"

"येतो. नवऱ्यानं टाकून दोन वर्षं झाली की येतो. शिवाय त्यानं दुसरी आणलीय. पण ताई, गुन्हा कागदावर आला की तो लढेल. किती वर्षं जातील सांगता येत नाही. तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल. त्याचा वकील नको नको ते विचारेल."

"इचारू द्या. कुनी तरी इचारंल."

"पुनम," ग्यानोबा म्हणाले, "किनवटचे थांबायचे न्हाईत गं."

ती बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. किनवटच्या मुलाचा बाप होता. "हाव, हाव, वकिलाकडंच हाव," ग्यानोबा म्हणाले. ते पोरीकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पुनमनं फोन त्यांच्या हातातून घेतला.

"मामा, मी पुनम बोलून राहिले. माझी फारकत झालेलीच न्हाई. आता मी कोर्टात केस टाकून राहिले. लई दिवस लागतील. थांबायचं का न्हाई ते तुमच्या पोराला इचारा. त्यालाच इचारा, बैठक बसवू नका."

पलीकडून आवाज आला. ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"बाई, फोन वडलांकडं द्या."

पुनमनं फोन कानापासून काढला नाही.

"मलाच सांगा," ती म्हणाली.