चौऱ्याऐंशी शून्यं

वर्षाली सिस्टरांनी निरंजनचा मोबाइल हातात घेतला आणि अंगठ्याने ॲप खाली खाली सरकवत नेलं. शून्य, शून्य, शून्य. चौऱ्याऐंशी दिवसांत एकदाही कपडे खराब झाल्याची नोंद नव्हती.

"दिपालीताई, कमाल केलीत हो! बाळंतपणात एवढी फाटलेली जागा, आणि नुसत्या व्यायामावर शी आवरायला लागली!"

दिपाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. त्या चौऱ्याऐंशी दिवसांत एक दिवस जरी कोरडा गेला असेल तर शपथ. पण ॲप नवऱ्याच्या फोनवर. तिचा आपला साधा बटणांचा. निरंजन चाकणहून शिफ्ट संपवून आला की बूट काढता काढता विचारायचा, "आज किती वेळा?" काळेवाडीतली एकच खोली. सासू भाजी निवडत बसलेली, दीर टीव्हीसमोर. अशा भरल्या दरबारात कुठली बाई खरं सांगेल? ती म्हणायची, "एकदाही नाही." तो बिचारा खूश होऊन शून्य दाबायचा. मग फोनवर हिरवं फूल उमलायचं आणि ते तो आईला दाखवायला न्यायचा. माणूस वाईट असता, तर तिने कधीच भांडून सांगून टाकलं असतं.

"मग मोठ्या डॉक्टरांच्या यादीतून तुमचं नाव काढते," सिस्टर म्हणाल्या. "ऑपरेशनची गरजच उरली नाही. पाच-पाच महिने थांबलेल्या बायका आहेत, त्यांचा तरी नंबर लागेल."

दिपालीने आत्ता बोलायला हवं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं कळत होतं. तिने तोंड उघडलंही. "सिस्टर, ते..."

"मी म्हणत होतो ना!" निरंजनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. "सोमवारपासून पुन्हा पॅकिंगला जाईल सिस्टर ही. कंपनीने जागा ठेवलीय हिची."

सिस्टरांनी रजिस्टर उघडून तिच्या नावावर रेघ मारली.

"आता एक काम करा. आपल्या बायकांचा ग्रुप आहे. त्यावर टाकायला दोन शब्द बोला. त्यांना धीर येईल."

निरंजनने लगेच रेकॉर्डिंग लावून फोन तिच्या तोंडाशी धरला.

"मी दिपाली," ती म्हणाली. "रोज व्यायाम केला. मला..."

तेवढ्यात तिला खाली ऊन ऊन ओल जाणवली. तिने गुडघे घट्ट जुळवले. निरंजन मानेने खुणावत होता, बोल, पुढे बोल.

"मला पुष्कळ फरक पडला," ती म्हणाली. "लाजू नका. जे असेल ते खरं सांगा."