आईच्या वजनाइतकं

आई अंथरुणाला खिळल्यापासून तिची उचल-ठेव बाबा एकटेच करत. दमता का विचारलं, की हसण्यावारी नेत. शेवटी मी त्यांना मी काम करते त्या व्यायामशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेलं, श्वास मोजणारा मास्क चढवला आणि आईच्या वजनाइतका बार उचलायला लावला.

पडद्यावरची ऑक्सिजनच्या वापराची रेघ फारशी हललीच नाही.

"बघ, उगाच घोर लावून घेतेस," बाबा मास्कआडून म्हणाले.

"काढू नका. उचलताना शरीर ऑक्सिजनवाचून भागवतं. त्याची भरपाई नंतर दिसते."

ते खुर्चीत बसले. रेघ चढली आणि खाली यायचं नाव घेईना. बोटातून घेतलेल्या रक्तात, स्नायूंवर ताण पडला की वाढणारं लॅक्टेटही भरपूर निघालं.

"आता तरी मदतीला बाई ठेवायची ना?"

बाबांनी मास्क उतरवला.

"ठेव. पण मी दमतो हे आईला सांगू नकोस. बाथरूमला न्यावं लागू नये म्हणून ती आताच घोटभर पाण्यावर दिवस काढते."