फणसाची भाजी
म्हशीच्या मांसाला सकाळीच कच्ची पपई, आलं-लसूण आणि बाबांनी नगरहून पाठवलेला काळा मसाला चोळून ठेवला होता. घरमालकीणबाई शुद्ध शाकाहारी, म्हणून खिडक्या लावूनच शिजवलं. तरी वास वर पोचला आणि त्या दारात आल्या. “क्या खुशबू है! क्या बनाया?” “कटहल,” माझा नवरा घाईने म्हणाला. लखनौत आल्यापासून दर रविवारी आमच्याकडे ही फणसाचीच भाजी शिजते! बाई खूश होऊन वाटीच घेऊन आल्या. “थोड़ा चखाइए ना.” नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, “तुकडे नकोत, नुसता रस्सा दे. कळणार नाही.” माझं डोकंच फिरलं. त्याचं खोटं मी तीन वर्षं गिळलं. पण त्यांना फसवून बाटवायचं आणि आपलं छप्पर वाचवायचं? मी वाटी रिकामीच परत केली. “आंटीजी, भैंस का गोश्त है. घर कब खाली करें?”