चार खळगे

"फार तर दोन-चार दिवस. नातेवाइकांना कळवून ठेवा," असं हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्याला आईबद्दल सांगितलं, त्याच संध्याकाळी बायकोने विषय काढला, "लोक भेटायला येतील. आईंच्या खोलीची जमीन तेवढी बघण्यासारखी करून घेऊ या."

दुसऱ्या दिवशी आईची खाट भंगारवाला घेऊन गेला. त्याने गुडघे टेकून जमिनीवरचा जुन्या मॅटचा गोंद खरवडून काढला. खाटेच्या पायांनी पडलेले चार खळगे पुट्टीने बुजवले. चौथ्यापाशी त्याचा हात जरा अडखळला, पण तोही बुजवला. पुट्टी वाळल्यावर त्याने पॉलिश पेपर मारला.

"धूळ राहिली तर टाइल चिकटायची नाही हं," नव्या टाइल्सचं खोकं उघडत बायको म्हणाली. तसा तो घामाघूम होऊन पुन्हा सगळं पुसायला लागला.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. आता काय ऐकायचंय ते ठाऊकच होतं. त्याने फोन कानाला लावला, पण धाप एवढी लागली होती की तोंडातून शब्द फुटेना.

"अरे, रडतोस काय वेड्यासारखा?" पलीकडून आई म्हणाली. "ताप उतरलाय माझा, उद्या घरी सोडतायत."